हाड धातूला कधी धरतं?



मला बोलावताना संयोजकांनी विषय मोकळा ठेवला होता. मी धातुशास्त्राचा माणूस. ओतकाम, गंज, पोलादाचे प्रकार यांवर तुम्हाला संध्याकाळी तासभर बसवून ठेवणं हा अन्याय झाला असता. म्हणून धातूचाच, पण या सभागृहातल्या काहीजणांच्या अंगात आत्ता या क्षणी मुक्कामाला असलेला विषय निवडला. कुणाच्या खुब्यात असेल, कुणाच्या जबड्यात, कुणाच्या मोडलेल्या मांडीत. शरीरात बसवलेल्या धातूला हाड धरतं कसं, त्याला वेळ किती लागतो आणि तो वेळ कमी करता येतो का, एवढंच आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस पकडायची आहे त्यांचं ते ऐकायचं राहायला नको. गेल्या साठ वर्षांत हा वेळ सहा महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आला, काही ठिकाणी त्याहूनही खाली. पण हाडाचा वेग आपण वाढवलेला नाही. त्याच्या वाटेतले अडथळे आपण काढले, आणि त्यातले बरेचसे आपणच उभे केलेले होते. जिथे हाडालाच पळवायचा प्रयत्न झाला, तिथे त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे ज्याला ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात, त्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा हाडाने धातू धरायचा प्रश्नच येत नाही. तिथे सिमेंट असतं. हे आपलं बांधकामाचं सिमेंट नव्हे, ते एक ॲक्रिलिक आहे. कवळी ज्या जातीच्या प्लास्टिकची करतात त्याच जातीचं. इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी 1962 पासून खुब्याचे कृत्रिम सांधे या सिमेंटने बसवले आणि सांधेबदलाचं युग सुरू झालं. पीठ आणि द्रव कालवायचं, कणकेसारखं झालं की हाडाच्या पोकळीत भरायचं, वर सांधा दाबायचा. दहा-पंधरा मिनिटांत ते कडक होतं. रुग्ण दुसऱ्या दिवशी उभा राहतो. हे सिमेंट हाडाला चिकटत मात्र नाही. हाडाच्या बारीक भोकांत शिरून ते अडकून बसतं. सत्तरीच्या माणसासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. चाळिशीच्या माणसाला तो सांधा तीस-चाळीस वर्षं वापरायचा असतो, तिथे सर्जनला वाटतं की मध्ये तिसरा पदार्थ नको, हाडानेच धातूला धरावं. दातांच्या इम्प्लांटमध्ये तर सिमेंटचा पर्यायच नाही, स्क्रू थेट जबड्याच्या हाडात जातो.

हाड धातूला असं धरू शकतं हे कळलं ते ससा पाहताना. 1952 च्या सुमारास स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे तरुण संशोधक हाडाच्या मगजातलं रक्ताभिसरण जिवंतपणी पाहायचा प्रयत्न करत होते. सशाच्या पायाच्या हाडात एक छोटीशी धातूची डबी बसवायची आणि तिच्या खिडकीतून सूक्ष्मदर्शकाने आत पाहायचं, अशी योजना. लुंडमधल्याच एका अस्थिशल्यविशारदाने डबीसाठी टायटॅनियम सुचवलं. काही महिन्यांनी प्रयोग संपला, डब्या महागाच्या म्हणून काढून पुन्हा वापरायच्या होत्या. त्या निघेनात. हाड धातूच्या अगदी अंगाला भिडून वाढलं होतं.

इथे इतिहास थोडा सरळ करायला हवा, कारण ही गोष्ट नेहमी योगायोगाची परीकथा म्हणून सांगितली जाते. टायटॅनियम हाडात निमूट राहतं हे 1940 मध्येच मांजरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं, आणि 1951 मध्ये गॉटलीब लेव्हेंथल या अमेरिकन सर्जनने हा धातू शस्त्रक्रियेसाठी चांगला आहे असा निबंधही लिहिला होता. ब्रोनेमार्कचं मोठेपण डबी अडकण्यात नाही. अडकलेल्या डबीमागे ते पुढची तीस वर्षं लागले, यात आहे. गोथेनबर्गला गेल्यावर त्यांनी 1965 मध्ये योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. जन्मतःच टाळू दुभंगलेली, जबड्याची ठेवण बिघडलेली, चावायची पंचाईत. 2006 मध्ये लार्सन वारले तेव्हा, चाळीस वर्षांनंतरही, ते स्क्रू जागेवर होते. मधल्या काळात स्वीडनमधल्या दंतवैद्यकाच्या प्रस्थापितांनी ब्रोनेमार्कना मनसोक्त छळलं. हाडाला परका पदार्थ चालतच नाही, त्याभोवती मऊ ऊतीची पिशवी तयार होतेच, हे त्या वेळचं पाठ्यपुस्तकी सत्य होतं. 1982 मध्ये कॅनडात टोरांटोला परिषद भरली, तिथे सगळे पुरावे मांडले गेले, तेव्हा कुठे जगाने मान्य केलं. या घडण्याला त्यांनी ऑसिओइंटिग्रेशन असं नाव दिलं होतं. आपण ‘हाड धरलं’ म्हणू या, काम भागतं.

ब्रोनेमार्क यांचा नियम कडक होता. स्क्रू बसवायचा, वर हिरडी शिवून टाकायची आणि त्यावर कसलाही भार न टाकता थांबायचं. खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्या जबड्यात सहा. वरचं हाड मऊ आणि जाळीदार, म्हणून जास्त. मग दुसरी शस्त्रक्रिया, मग दात.

आता खरा मुद्दा. हे तीन-सहा महिने जातात कुठे?

स्क्रू हाडात घट्ट बसवला त्या दिवशी तो चांगलाच पक्का असतो. त्याला पिळून पाहिलं तर हलत नाही. ही पकड निव्वळ यांत्रिक आहे, लाकडात स्क्रू बसतो तशीच. धातूला रक्त लागतं, क्षणात प्रथिनांचा थर बसतो, रक्ताची गुठळी होते आणि तिच्या जाळ्यावरून पेशी धातूकडे सरकू लागतात. पण त्याच वेळी दुसरं काम सुरू होतं. भोक पाडताना स्क्रूच्या कडेचं हाड दुखावलेलं असतं, काही मेलेलं असतं. हाड खाणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, ते साफ करायला येतात. म्हणजे ज्या हाडाने स्क्रू धरून ठेवलेला असतो तेच हाड शरीर काढून टाकत असतं, आणि नवं हाड अजून कच्चं असतं. त्यामुळे पहिल्या दिवशी पक्का असलेला स्क्रू दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात सर्वांत सैल असतो. मग नवं हाड भरत जातं आणि पकड पुन्हा वाढते. आलेख काढला तर मध्ये एक खड्डा दिसतो.

रुग्णाला नेमकं याच खड्ड्यात सगळ्यात बरं वाटू लागतं. सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं. तीन आठवडे झाले, आता चकली चावून पाहायला काय हरकत आहे? हरकत याच आठवड्यात असते, त्याआधी आणि नंतर तुलनेने कमी. डॉक्टर पथ्य सांगतात ते बहुतेकांना उगाच सावधगिरी वाटतं. आलेख पाहिला असता तर वाटलं नसतं.

‘हाड लवकर धरावं’ म्हणून जगभर जे काही संशोधन चालू आहे ते जवळजवळ सगळं हा खड्डा उथळ करण्यासाठी आणि त्याचा शेवट अलीकडे ओढण्यासाठी आहे. पक्कं, थरांथरांचं हाड दिवसाला जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इतक्या गतीने तयार होतं. त्यात आपण फरक पाडलेला नाही.

पहिला अडथळा आपल्या हाताचा. ड्रिल फिरताना उष्णता निर्माण होते, आणि हाडाला ती फार सोसत नाही. गोथेनबर्गमधल्या एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी 1983 मध्ये सशांवर दाखवलं की हाड एक मिनिट 47 अंश सेल्सियसपर्यंत तापलं तरी इजा होते.  बोथट ड्रिल, जोराने दाबलेलं ड्रिल, वर सलाइनची धार नाही, असं असेल तर कडेचं हाड भाजतं, साफसफाईचं काम वाढतं आणि खड्डा खोल होतो. महागडा इम्प्लांट आणि बोथट ड्रिल हा व्यवहार मला कधीच कळलेला नाही.

दुसरा अडथळा हालचालीचा. कोकणात आंब्याचं कलम बांधणारा माणूस काडी आणि रोप एकमेकांना चिकटवून वर पट्टी आवळतो. चिकटत असताना काडी हलली तर कलम वाया. इथे तसंच आहे, फक्त मोजमाप बारीक. हाड आणि धातू यांच्यातली हालचाल पन्नासेक मायक्रॉनपर्यंत असली तर हाड ती चालवून घेतं. दीडशे मायक्रॉनच्या वर गेली की हाडाऐवजी तंतुमय ऊती भरतात आणि तो इम्प्लांट जन्मभर डुगडुगतो. म्हणून चांगल्या इम्प्लांटचे आटे, निमुळतेपणा, खुब्याच्या दांड्याची भूमिती हे सगळं पहिल्या दिवसाच्या घट्टपणासाठी असतं.

तिसरा अडथळा धातूच्या पृष्ठभागाचा. आणि इथे माझ्यासारख्यांना काम मिळालं.

ब्रोनेमार्क यांचे स्क्रू लेथवर कातलेले, गुळगुळीत होते. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंद्रे श्रोडर यांचा गट वेगळ्या वाटेने गेला. पृष्ठभाग खरबरीत असेल तर? 1991 मध्ये तिथल्याच डॅनिएल बुझर आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांत वेगवेगळ्या पृष्ठभागांचे इम्प्लांट घालून तीन आणि सहा आठवड्यांनी पाहिलं. चकचकीत पृष्ठभागाला जेमतेम 20 ते 25 टक्के जागी हाड भिडलं होतं. वाळूच्या मोठ्या कणांच्या माऱ्याने खरबरीत करून मग आम्लात खोदलेल्या पृष्ठभागाला 50 ते 60 टक्के. धातू तोच. त्या खाचाखोचांत रक्ताची गुठळी घट्ट धरून राहते, आणि हाड घडवणाऱ्या पेशींना तिच्या तंतूंवरून धातूपर्यंत पोचता येतं. मग हाड जुन्या हाडाकडून धातूकडे वाढतं तसंच धातूकडून जुन्या हाडाकडेही वाढतं. दोन्ही बाजूंनी भराव सुरू झाला की खड्डा लवकर बुजणारच. 1998 मध्ये हा पृष्ठभाग बाजारात आला आणि थांबण्याचा काळ सहा आठवड्यांवर आला. एक इशारा मात्र: जास्त खरबरीत म्हणजे जास्त चांगलं असं नाही. एक ते दोन मायक्रॉनची खडबड सर्वांत कामाची. त्याहून जास्त झाली की जंतूंना घर मिळतं, आणि धातूवर पेशी आधी पोचतात की जंतू, ही शर्यत इम्प्लांटच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची शर्यत आहे.

त्याच प्रयोगात एक पृष्ठभाग याहूनही पुढे होता. हायड्रॉक्सिॲपटाइटचा, म्हणजे आपल्या हाडातल्या खनिजासारख्याच कॅल्शियम फॉस्फेटचा मुलामा दिलेला. 60 ते 70 टक्के. पण तो मुलामा झिजत असल्याची चिन्हंही तिथेच दिसली. दातांत या मुलाम्याचं नाव त्यामुळे खराब झालं. खुब्यात मात्र लंडनचे सर्जन फर्लाँग यांनी 1985 मध्ये सुरू केलेले असे सांधे उत्तम टिकले. तोच पदार्थ, जागा वेगळी, निकाल वेगळा. याच सुमारास फ्लोरिडात लॅरी हेंच यांची हाडाला रासायनिक बंधाने चिकटणारी काच रुग्णांपर्यंत पोचत होती. ती त्यांनी 1969 मध्येच शोधली होती. व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने बसप्रवासात विचारलेल्या प्रश्नातून. पण काच ती काच, भार घेत नाही. आज ती दात शिवशिवण्यावरच्या काही टूथपेस्टमध्ये भेटते.

आता टायटॅनियमबद्दल दोन शब्द. माझ्या धंद्याचं प्रेम म्हणून सोडून द्या. हा धातू दुर्मीळ नाही. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या इथल्या किनाऱ्यांवरची काळी वाळू पाहिली असेल तर तिच्यातल्या इल्मेनाइट या खनिजात तुम्ही टायटॅनियमच पाहिलं आहे. कठीण आहे ते त्याला ऑक्सिजनपासून सोडवणं. विल्यम क्रोल यांची पद्धत 1940 च्या दशकात कारखान्यात उतरली तेव्हा कुठे हा धातू हाताशी आला. आपल्याकडे केरळात चवरा इथे त्याचा स्पंज, म्हणजे सच्छिद्र कच्चा धातू, बनवणारा कारखाना 2011 मध्ये उभा राहिला. आणि गंमत अशी की ऑक्सिजनची ही ओढच शरीरात कामाला येते. टायटॅनियम कापताक्षणी त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. हाड भिडतं ते त्या ऑक्साइडला. खाली धातू आहे हे हाडाला कळतही नाही.

पण हा थर म्हातारा होतो. लॉस एंजेलिसमध्ये ताकाहिरो ओगावा यांच्या गटाने 2009 च्या सुमारास दाखवलं की तयार केलेला टायटॅनियमचा पृष्ठभाग चार आठवडे नुसता ठेवला तरी हवेतले कार्बनी कण त्यावर बसतात, तो पाण्याला आणि पेशींना नकोसा होतो. अतिनील किरणांत धरला की पुन्हा ताजा. उंदरांच्या हाडात, जुन्या पृष्ठभागाला निम्म्याच्या आसपास जागी हाड भिडलं, किरणांत धरलेल्याला जवळजवळ सगळीकडे. याच कारणाने काही कंपन्या आता इम्प्लांट नायट्रोजनखाली सलाइनमध्ये बुडवून बंद करतात. 2005 पासून असे इम्प्लांट मिळतात आणि त्यांचा काळ तीन-चार आठवड्यांपर्यंत आला. मला हे संशोधन फार आवडतं, कारण हाडाला काही शिकवायचा आव त्यात नाही. पृष्ठभाग स्वच्छ ठेवा, एवढंच. मात्र उंदरातले आकडे माणसात जसेच्या तसे उतरत नाहीत, आणि जाहिरातीत मात्र उंदराचेच आकडे असतात.

हाडाला पळवण्याच्या प्रयत्नाकडे येतो. 1965 मध्येच, ब्रोनेमार्कचा पहिला रुग्ण झाला त्याच वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की हाडातून खनिज काढून टाकलं तरी उरलेल्या भागात असं काही असतं, जे स्नायूत ठेवलं तर तिथेही हाड उगवतं. त्यातून बीएमपी ही प्रथिनं सापडली. हाड उगवायची थेट आज्ञा! 2002 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधनियंत्रक संस्थेने त्यातल्या एकाला कंबरेच्या मणक्यांच्या जोडणीसाठी परवानगी दिली. हाड खरोखर उगवलं. कधीकधी जिथे नको तिथेही. शरीरात ही प्रथिनं अत्यल्प असतात, इथे त्याच्या कित्येक पट मात्रा एका जागी ओतली जात होती. मानेच्या मणक्यांत, जिथे परवानगीच नव्हती, तिथे वापर झाल्यावर घसा सुजून श्वास कोंडण्याच्या घटना घडल्या आणि 2008 मध्ये एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला. 2011 मध्ये मणक्यांच्या शस्त्रक्रियेच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने जवळजवळ अख्खा अंक याला वाहिला आणि उत्पादक कंपनीच्या पैशांवर झालेल्या अभ्यासांत दुष्परिणाम किती कमी दाखवले गेले होते ते उघड केलं. ते औषध निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. काही रुग्णांना त्याचा निश्चित उपयोग आहे. पण शरीराच्या स्वतःच्या आज्ञा आपण ओरडून दिल्या की काय होतं, याचा तो धडा आहे.

मग घाई कुणाला हवी? मांडीतून पाय गेलेल्या माणसाला हवी. ब्रोनेमार्क यांचे चिरंजीव रिकार्ड यांच्या गटाने 1990 पासून मांडीच्या हाडात थेट टायटॅनियमचा खांब बसवून त्याला कृत्रिम पाय जोडायचं तंत्र वाढवलं. नेहमीच्या कृत्रिम पायाच्या खोबणीचा, घामाचा, घासण्याचा त्रास जातो. पण मूळ पद्धतीत दोन शस्त्रक्रियांमध्ये सहा महिने आणि नंतर हळूहळू भार. कमावत्या माणसाचं एक वर्ष त्यात जातं. तिथे प्रत्येक वाचलेला आठवडा मोलाचा आहे. मऊ झालेल्या हाडांच्या म्हाताऱ्यांना, कॅन्सरनंतर जबडा पुन्हा बांधावा लागणाऱ्यांनाही ही घाई हवी. चांगल्या हाडाच्या पन्नाशीच्या माणसाला एक दाढ बसवताना सहा आठवड्यांऐवजी तीन आठवडे मिळावेत म्हणून जास्तीचे पैसे मोजायला लावणं, याला मी विक्रीकौशल्य म्हणतो. दुर्दैवाने घाई विकली जाते ती मुख्यतः त्यालाच.

आणि ज्या गोष्टी फुकट आहेत त्या कुणी विकत नाही. विडी-सिगारेट रक्तवाहिन्या आवळते. रक्त नाही तर हाड नाही. गुटख्याने तोंड उघडेनासं झालेल्या माणसाच्या जबड्यात कुठलाही पृष्ठभाग चमत्कार करत नाही. महाराष्ट्रात त्यावर 2012 पासून बंदी आहे, ती कशी चालते ते कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला विचारा. साखर ताब्यात नसेल तर हाड भरणं आणि जंतूंशी झुंजणं दोन्ही मंदावतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काहीजण ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनेटसारखी औषधं घेतात. ती त्या हाड खाणाऱ्या पेशींनाच रोखतात, आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित त्याने हाड कुजतं. ही औषधं चालू असतील किंवा पूर्वी घेतली असतील तर दंतवैद्याला आधी सांगा. आपणहून बंद करू नका.

शेवटची एक विनंती. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात छोटी स्टिकरं असतात: कंपनीचं नाव, माप, लॉट क्रमांक. एक रुग्णालयाच्या कागदांवर लागतं. दुसरं तुम्ही मागून घ्या आणि डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून ठेवा. पंधरा वर्षांनी तो सांधा सैल झाला, एमआरआय करायचा झाला किंवा तो लॉट कंपनीने परत मागवला, तर तुमच्या अंगात नेमकं काय आहे हे सांगणारा तेवढाच पुरावा उरतो. आणि तो कागद कुठे ठेवला आहे, हे घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या.